गॅस्केटमधलं बारीक भोक

वहिनी उन्हाळ्यात गेली आणि दादा रडला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. मी त्याची धाकटी बहीण, माझ्या जिभेला मुळात हाड नाही. मी त्याला समजावलं, चिडवलं, एकदा तर चक्क भांडले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. वाढलं की जेवायचा, हात धुवायचा, खिडकीपाशी जाऊन बसायचा. त्याचं शिवणाचं दुकान बंदच होतं. रडला की माणूस मोकळा होतो. हा असाच मख्ख बसून आतल्या आत संपेल, या भीतीने मी माझं घर सोडून त्याच्याकडे येऊन राहिले होते.

शेडमधली गाडी वहिनीची. जुन्या घडणीची, गोल दिव्यांची. त्या गाडीवर वहिनीने कितीतरी लोकांना ड्रायव्हिंग शिकवलं. नवऱ्यापुढे मात्र तिने हात टेकले. "तू आहेस ना," असं म्हणून दादा शेजारच्या सीटवर बसला तो जन्मभर बसला.

एका सकाळी शेडमध्ये पेट्रोल सांडलेलं दिसलं म्हणून मी मिस्त्रींना बोलावलं. दुरुस्तीसाठी वहिनीच्या गाडीला त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. बॉनेट उघडून ते म्हणाले, "कार्बोरेटरचं गॅस्केट गेलंय. दोन भागांच्या मधे कागदाचा तुकडा असतो, तो सडला. असं ठेवू नका, आग लागेल. नाहीतर सरळ विकून टाका."

"नीट करू," दादा म्हणाला.

इतक्या दिवसांत तो आपणहून बोललेला हा पहिला शब्द. मी पडत्या फळाची आज्ञा मानली आणि पायात चपला सरकवल्या.

आम्ही दुकानं पालथी घातली. पहिल्याने गाडीचं मॉडेल विचारून एक पाकीट हातात ठेवलं. घरी आणून लावलं तर एक भोक जुळेल तर शपथ. दुसऱ्या दुकानातलंही तसंच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दादा निमूटपणे पाकीट परत करून आला, जसं काही नासलेलं दूध परत करतोय. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने सांगितलं, "गाडीचं राहू द्या हो, कार्बोरेटरवर नंबर असेल, तो आणा." नंबर पाहिला आणि मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. वहिनीने फार पूर्वी त्यांच्याकडूनच दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर बसवून घेतला होता आणि ते साफ विसरले होते. म्हणजे इतके दिवस आम्ही भलत्याच अंगाची मापं घेऊन हिंडत होतो. बरं, नंबर मिळाला तर त्या नंबरची गॅस्केटं यायची कधीच बंद झालेली.

"गॅस्केटचा कागद देतो," म्हातारा म्हणाला. "घरी कापून घ्या."

कापायचं म्हटल्यावर दादाने मान वर केली.

त्याने आपलं दुकान उघडलं. जुनं गॅस्केट पेट्रोल पिऊन फुगलं होतं, वेडंवाकडं झालं होतं. दादाने ते वाळवलं आणि त्याला इस्त्री केली. खरंच इस्त्री केली! मी हसले, तो नाही हसला. मग टोकदार पेन्सिलने कड उतरवून घेतली, बारीक कात्रीने कापलं. मी समोर बसून होते. आता काही बोलेल, मग बोलेल. कात्री तेवढी चालत राहिली.

मिस्त्रींनी ते न बघताच बसवलं. "मास्तरांनी कापलंय, त्यात बघायचं काय?"

गाडी चालू झाली. पेट्रोलचा थेंब गळेना. पण मिस्त्रींनी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की बंद. परत चालू, परत बंद. तेव्हा त्यांनी सगळं खोललं आणि नवं गॅस्केट जुन्यावर धरून उजेडात पाहिलं.

"मास्तर, हे बारीक भोक कुठाय?"

"ते जुनं होऊन पडलं होतं," दादा म्हणाला. "मी नाही घेतलं."

"अहो, ते मुद्दाम पाडलेलं असतं! गाडी उभ्याउभ्या चालते ती त्याच्या जिवावर."

मला मिस्त्रींचा राग आला. काजं सोडली तर शिंप्याच्या लेखी भोक म्हणजे फाटणंच की! दादाला मात्र वाईट वाटलं नाही, काहीच वाटलं नाही. त्याने पट्ट्याला भोकं पाडायचा पंच आणला आणि एका ठोक्यात काम केलं.

या वेळी मिस्त्रींनी पाय काढला तरी गाडी चालूच राहिली. ते खाली उतरून बॉनेटपाशी कान लावून उभे राहिले. दादाने हात पुसले, पलीकडून वळसा घालून दार उघडलं आणि आपल्या सीटवर जाऊन बसला. दार लावून घेतलं. सदरा सारखा केला. समोर बघत राहिला.

मला आधी वाटलं, इंजिनचा आवाज ऐकतोय. मग कळलं की तो निघायची वाट बघतोय. मिस्त्रींनाही कळलं असावं, ते बॉनेटमधून डोकं काढून माझ्याकडे बघायला लागले. बऱ्याच वेळाने दादाची मान वळली. त्याने शेजारची रिकामी सीट पाहिली, मग मला पाहिलं.

"ही आता येणार नाही ना गं?"

याचीच मी इतके महिने वाट पाहत होते. काय बोलायचं, कसं जवळ घ्यायचं, सगळं ठरवून ठेवलं होतं.

"नाही रे दादा," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

तो रडला नाहीच. मीच रडले, मिस्त्रींच्या देखत, हुंदके देऊन. मिस्त्री खिडकीतून आत वाकले, किल्लीपर्यंत हात नेऊन थांबले.

"बंद करू का, मास्तर?"

"राहू दे," दादा म्हणाला. "जरा वेळ चालू दे."