सबनीसांनी पारखलेली रायफल

डॉ. सबनीस आमच्या लंडनमधल्या हॅरोच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहा ओतायच्या आधीच त्यांनी कप उलटा केला, बुडाचा शिक्का वाचला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "सेट नाहीये हा, वहिनी. कप एका कारखान्याचा, बशी दुसऱ्याची." मग त्यातूनच दोनदा चहा प्याले.

वॉटफर्डच्या हॉस्पिटलात आम्ही एकत्र होतो. रविवारी ते रायफल क्लबात जात. सैन्यानं मोडीत काढलेल्या रायफली हा त्यांचा एकमेव अभ्यास. दस्त्याजवळच्या पोलादी कड्यावर साल कसं वाचायचं, बारीक अक्षरावरून भाग कुठल्या कारखान्याचा ते कसं ओळखायचं, हे कोणी विचारो न विचारो, ते सांगत. "खुणा खोटं बोलत नाहीत," म्हणायचे, "माणसं बोलतात." हे त्यांना स्वानुभवानं ठाऊक असावं.

स्टॅनमोरच्या रेचलबाई नागावकरांचे यजमान त्याच क्लबात होते. ते गेले आणि परवाना नसल्यानं त्यांची रायफल बाईंना घरात ठेवता येईना. आपला माणूस म्हणून त्यांनी सबनीसांना बोलावलं. मीच गाडीनं घेऊन गेलो. सबनीसांनी भिंग लावून ती पाहिली आणि मान हलवली.

"खिचडी आहे हो, रेचलबाई. बोल्ट एकीचा, नळी दुसरीची. भंगारात जाईल."

"हे तर म्हणायचे, सगळी एकाच कारखान्याची आहे."

"दुकानदारानं फसवलं त्यांना."

बाईंनी रायफल त्यांच्याकडे सरकवली. "मग तुम्हीच घेऊन जा," म्हणाल्या. पोलिसांचे सोपस्कार सबनीसांनी तत्परतेनं उरकले.

दिवाळीच्या फराळाला त्यांनी तीच रायफल सगळ्यांपुढे धरली. "बोल्टवरचा नंबर बघा, इथला बघा. एकच. एकही भाग बाहेरचा नाही."

"ही नागावकरांची ना?" मी विचारलं.

"होती," ते म्हणाले. "बाईमाणसाला काय करायचीय? चकली घे."

दुसऱ्या दिवशी मी स्टॅनमोरला जाऊन बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी यजमानांच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "इतके महिने मी यांना मनातल्या मनात भोळसट म्हणत होते."

त्यांनी सबनीसांना फोन करून ती रायफल क्लबाला द्यायला सांगितलं. "कागद माझ्या नावावर आहेत," म्हणून सबनीसांनी फोन ठेवला.

काही वर्षांनी सबनीस हार्ट अटॅकनं गेले. ड्यूटी आहे, असं सांगून मी अंत्यविधीला गेलो नाही. ड्यूटी नव्हती. मी घरी गवत कापत होतो.