चपलेला नंबर नाही

"चपला राहू द्या तिथंच. माणसं इकडं या."

सकाळी नऊला आमच्या आरोग्य केंद्राचं जाळीचं दार उघडलं की सिस्टरबाईंचं हे पहिलं वाक्य. केसपेपरांचा गठ्ठा छातीशी धरून त्या व्हरांड्यात यायच्या आणि ओळीनं मांडलेल्या चपलांकडे ढुंकूनही न बघता थेट पायऱ्यांवर बसलेल्या माणसांकडे जायच्या.

सरकारी दवाखान्यात चपलांनी नंबर लावायची पद्धत तुम्हीही पाहिली असेल. अकोले तालुक्यातल्या आमच्या त्या गावात पेठेतली मंडळी सातलाच येऊन चप्पल ठेवायची आणि घरी जाऊन निवांत चहा प्यायची. वरच्या वाड्यांवरची माणसं दोन-दोन तास डोंगर उतरून नऊच्या सुमाराला पोचायची, तेव्हा पुढे तीस-चाळीस चपला बसलेल्या असायच्या. तपासणी बाराला बंद. म्हणजे ज्यांनी सगळ्यात जास्त वाट तुडवली, तेच औषधाविना परत.

सिस्टरबाईंनी ते मोडलं. त्या प्रत्येकाला विचारायच्या, "कुठून चालत आलात?" जो सगळ्यात लांबून आला, त्याचा पेपर सगळ्यात वर.

मी तिथं औषधांच्या खिडकीत बसायचो. श्रीरामपूरहून नवा नवा आलेलो, आणि रांग म्हणजे रांग अशा मताचा. त्यामुळे पहिले काही दिवस मला हा प्रकार अजिबात आवडला नाही. पेठेतल्या एका दुकानदारालाही आवडत नव्हता.

"सिस्टरबाई, माझी चप्पल सातपासून हितं हाय!"

"मंग चपलीला काय हुतंय ते सांगा. तिला गोळी देते."

सगळा व्हरांडा हसला. दुकानदारसुद्धा हसला, हे विशेष.

पुढे लोक हुशार झाले. एकानं आपण पार शेवटच्या वाडीवरून आल्याचं ठोकून दिलं. बाईंनी चष्मा नाकावर ओढून त्याच्या पायांकडे पाहिलं. "वाटंत दोन ओढे लागतात. तुजी इजार घोट्यापतुर कोरडी कशी रं?" गडी मुकाट्यानं मागे जाऊन बसला.

एकदा आम्हाला नगरला प्रशिक्षणाला बोलावलं होतं. मोठ्या पडद्यावर जगाचा नकाशा, कुठल्या देशात लस कधी पोचली त्याचे रंग. श्रीमंत देश आधी, बाकीचे मागून. मला डुलकी लागत होती. बाई मात्र टक लावून बघत होत्या. शेवटी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "म्हंजी जगात बी चपलाच पुढं हायेत म्हना की!" दिवसभराच्या त्या प्रशिक्षणातलं मला एवढंच आठवतं, आणि ते पुरेसं आहे.

आता जे सांगायचं म्हणून लिहायला बसलो, ते सांगतो.

त्या हिवाळ्यात माझी आई श्रीरामपूरहून आली होती. आम्ही केंद्राच्या मागच्याच क्वार्टरमध्ये राहायचो. सकाळी ती म्हणाली, "पाठीत भरून आल्यावानी वाटतंय." मी म्हणालो, "ये दवाखान्यात, डॉक्टरांना दाखवू." आणि आपल्या खिडकीत जाऊन बसलो. कर्मचाऱ्याची आई म्हणून तिला आधी नेलं तर लोक काय म्हणतील, हा विचार माझ्या डोक्यात होता. आपण किती सरळ आहोत, याचं थोडं कौतुकही होतं.

बाईंनी तिला पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "आई, तुमी तर मागल्या दारातल्या. बसा वाईच, वाडीवरची मानसं काढते आदी."

"बसते की," आई म्हणाली.

ती बसली. तास गेला, वर आणखी अर्धा गेला. गर्दीतून मला तिचं अर्धं डोकं दिसत होतं. मी दोनदा पाहिलं आणि पुन्हा गोळ्या मोजायला लागलो.

एकाएकी बाईंचा आवाज आला. "ह्या थंडीत घाम कशाचा?" मी उठेपर्यंत त्यांनी आईला दोन्ही हातांनी सावरून डॉक्टरांच्या टेबलाशी नेलं होतं. हृदयाचा झटका होता. डॉक्टरांनी लगेच गोळ्या दिल्या, रुग्णवाहिका बोलावली. संगमनेरपर्यंत बाई आईचा हात धरून बसल्या होत्या. थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

आई वाचली. ती घरी आली त्या दिवशी बाई क्वार्टरवर आल्या आणि सरळ तिच्या पायांशी वाकल्या.

"माजं चुकलं, आई. मी कुठून आलात एवढंच इचारत ऱ्हायले. काय हुतंय ते इचारलंच न्हाई."

आईनं त्यांना उठवून शेजारी बसवलं. "आन मी तरी कुठं सांगितलं? माझ्याम्होरं एक बाई हुती, कडंवर तापलेलं लेकरू, पायात काटं मोडल्यालं. तिला सोडून पुढं जायाची मला लाज वाटली."

दोघी एकमेकींची समजूत काढत राहिल्या. माझी काढायला कुणाला सुचलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवसापासून बाई नऊच्या ठोक्याला पहिली फेरी मारायला लागल्या. प्रत्येकाच्या कपाळाला हात लावायचा आणि विचारायचं, "काय हुतंय?" ज्याला जास्त होतंय तो सरळ आत. दुसऱ्या फेरीत मग, "कुठून चालत आलात?" मोठमोठ्या इस्पितळांत हे काम करायला वेगळा माणूस असतो, असं मला खूप नंतर कळलं. आमच्या बाईंनी ते एका चुकीतून शिकून घेतलं होतं, आणि ती चूक त्यांनी कधी कुणापासून लपवली नाही. नव्या नर्सला त्या स्वतःच सांगायच्या, "ह्यांच्या आईला मी मारलीच असती."

मी त्यांच्याइतका मोठा नाही. मी खिडकीतून पाहिलं होतं, हे आईला आजवर सांगू शकलेलो नाही.

बाई निवृत्त झाल्या, माझी बदली श्रीरामपूरकडे झाली. मागच्या वर्षी थोड्याशा आजारानं त्या गेल्या. फोन आला तेव्हा मी कामावर होतो. आईचं हृदय अजून नाजूक आहे, म्हणून घरी काही बोललो नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहून गेलं.

आमच्या घरी रोज संध्याकाळी प्रार्थना होते. आई एकेकाचं नाव घेते. नातवंडं झाली, शेजारची आजारी म्हातारी झाली, की डोळे मिटूनच ती म्हणते, "बापा, त्या डोंगरातल्या सिस्टरबाईंना सांभाळ. त्यांची तब्येत चांगली ठेव."

मी मान खाली घालतो आणि म्हणतो, "आमेन."