सासूबाईंचा उपवास

मैत्रिणींनो, आज घडलेलं लिहिते.

बाळंतपणापासून मला शी रोखता येत नाही. घरी मात्र कंबरदुखी म्हणून सांगितलं होतं. आज हैदराबादच्या कोठी भागात फिजिओथेरपीसाठी निघाले, तर सासूबाई हट्टानं सोबत आल्या. थेट आत येऊन बसल्या.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी त्यांच्यासमोरच विचारलं, "कपडों में कितने बार होजाता?"

"हफ्ते में दो-तीन बार," मी खाली मान घालून म्हटलं.

स्नायू सैल पडलेत, व्यायामानं सुधारेल, असं मॅडम म्हणाल्या. तशी सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"मेरेकू बी सिखाओ. तीस बरस होगए."

बाहेर जायचं असलं की सासूबाईंचा उपवास असतो. आजही होता. मी त्याला भक्ती समजत होते.

तुमच्याकडे प्रवासाच्या दिवशी कोण उपवास धरतं?