दसऱ्याच्या अक्षता आणि बू नासेरचं विमान

कुवेतच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि ऑक्टोबरातही तोंडावर गरम वाफ आली. दादाला त्याचं काहीच नाही! अबू हलीफातलं त्याचं घर येईपर्यंत तो बोटींच्या शर्यतींबद्दलच बोलत होता. देवगडहून फिटर म्हणून आलेला हा माझा भाऊ पुढे आपल्या कुवेती मालकाच्या, बू नासेरच्या (नासेरचे वडील, इथे थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात) शर्यतीच्या बोटीत बसू लागला. सुकाणू मालकाकडे, इंजिनाचा वेग दादाच्या हातात.

"पाण्याच्या फवाऱ्यात वेगाचा काटा दिसतो कुठे गो? इंजिनाच्या आवाजावर जायचं," तो म्हणाला.

आता दोघांची वयं झाली. बोट विकली गेली आणि बू नासेरनं हौसेनं एक जुनंपुराणं, चार माणसांचं विमान घेतलं. त्याची सगळी देखभाल दादाकडे, शेडची चावीसुद्धा. वहिनी त्या विमानाला सरळ सवत म्हणते.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. शहराबाहेरच्या छोट्या धावपट्टीवर दादानं आधी विमान नीट तपासलं, मग हळदकुंकू लावून समोरून पंखांवर, पंखांखाली अक्षता टाकल्या. पूजा झाली की त्या दिवशी यंत्राला हत्यार लावायचं नाही, ही आमच्याकडची रीत. बोटीचीही तो अशीच पूजा करायचा. बू नासेरनं मला खजूर आणि गहवा (वेलदोड्याची अरबी कॉफी) दिला, "यल्ला (चला)" म्हणाला आणि आम्ही निघालो. मी मागे, ते दोघं पुढे; चालवणार बू नासेर.

चाकं सुटली आणि बू नासेर समोरच्या तबकडीवर टिचक्या मारू लागला.

"सुरेश, स्पीड नहीं दिखाता!"

काटा शून्यावर होता. वेग कमी पडला तर विमान कोसळतं, हे दादानंच मला सकाळी कौतुकानं समजावलं होतं. खाली नुसती वाळू.

दादानं इंजिनाचा वेग कमी-जास्त करायच्या दांड्यावर हात ठेवला. "आप हँडल देखो. आवाज मैं सुनता हूँ."

इंजिनाचा सूर चढत-उतरत राहिला, एक मोठं वळण झालं आणि चाकं धाडकन जमिनीला लागली.

दादा उतरून पंखाकडे धावला. पंखाखाली पुढे तोंड असलेली एक बारीक नळी असते, तिच्यात वारा शिरला की वेगाचा काटा हलतो. त्यानं तार घालून कोरलं. कुंकवानं लाल झालेले तांदळाचे दाणे तळहातावर पडले. मी बघतच राहिले. आमच्या जिवावर उठले होते ते देवाला वाहिलेले दाणे!

"मैंने डाला," दादा म्हणाला आणि त्यानं चावी पुढे केली.

मला वाटलं, बू नासेर त्याच्या खांद्यावर हात ठेवील. त्यानं चावी घेतली आणि खिशात टाकली.

"इतक्या वर्षांची दोस्ती, आणि चावी घेतली?" गाडीत मी चिडून म्हटलं.

"मी पण घेतली असती गो," दादा म्हणाला. मग त्यानं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला.

परतीच्या विमानानं धाव घेतली तेव्हा सवयीनं माझे हात जोडले गेले. देवाचं नाव मात्र ओठांवर येईना. एवढंच आलं, खाली कुणीतरी ती नळी निघण्याआधी शेवटचं एकदा बघितलेली असू दे.