एका बारवर एकच माणूस

“काका, रिबन कापा. बाई चारला येतायत,” सुहास म्हणाला. मी कात्री खाली ठेवली. म्हटलं, “ही तीन पदकं एका माणसाची नाहीत.”

सुहास लंडनमधल्या हाउन्सलोच्या आमच्या दुकानाचा मालक. पुण्याचा, शिकलेला. मी चौथी पास. सांगलीत बँडवाल्यांचे युनिफॉर्म शिवायचो, इथे पदकं माउंट करतो. माउंट करायचं म्हणजे रिबनसकट छातीवर लावायच्या एका पट्टीवर, म्हणजे बारवर, शिवून पक्की करायची, चालताना एकमेकांवर आपटू नयेत म्हणून.

पदकं पहिल्या महायुद्धातली. बाई म्हणजे मिसेस डॉसन. त्यांच्या आजोबांचे भाऊ जेम्स त्यात मारले गेले. सरकारने पदकं त्यांच्या आईकडे पाठवली. दुसऱ्या दिवशी युद्धात गेलेल्यांच्या आठवणीची रिमेम्ब्रन्स परेड होती आणि बाई ती लावून जाणार होत्या. उजवीकडे. डावीकडे ज्याची त्यानेच लावायची, असा इथला नियम.

त्या पदकांवर सैनिकाचा नंबर आणि नाव असतं. चांदणीच्या आकाराच्या स्टारवर मागे, गोल पदकांवर कडेला. सुहासने आडनाव एकच बघितलं आणि पावती फाडली. मला इंग्रजी वाचायला वेळ लागतो. सुईचं टोक ठेवत मी एकेक अक्षर घेतो. स्टारवर ‘जे’. ब्राँझवर ‘जे’. चांदीच्या पदकावर ‘टी’.

“घासून घासून ‘जे’चा ‘टी’ झाला असेल,” सुहास म्हणाला.

“आणि नंबर? तोही घासून बदलला?”

“काका, उद्या परेड आहे. कड कोण बघतंय?”

“मी बघितली ना.”

चारला बाई आल्या. मी भिंग त्यांच्या हातात दिलं. बघितलं आणि त्या स्टुलावर बसल्या. बेसिंगस्टोकला थोरल्या बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, तो थॉमस. जेम्सचा धाकटा भाऊ. तोही त्याच युद्धात गेला. आईने पुढे त्याचं नाव काढलं नाही, म्हणून घरात एकच सैनिक उरला. गोल पदकं दोन्ही जोडीने मिळायची; जेम्सचं चांदीचं आणि थॉमसचं ब्राँझचं कुठे गेलं, तिलाही माहीत नव्हतं.

बाईंनी फोन ठेवला. म्हणाल्या, “त्यांच्या आईने तिन्ही एकाच डब्यात ठेवली होती. आणि तुम्ही ती वेगळी करणार?”

सुहासने माझ्याकडे बघितलं. आता बोला, असा चेहरा.

मी म्हटलं, “डब्यात एकत्रच ठेवा. पण बार म्हणजे एक छाती. एकावर शिवली, तर उद्याही एकच मुलगा गेला असं दिसेल.”

बाईंनी त्या चांदीच्या पदकावरून अंगठा फिरवला. मग परत फोन लावला. “सकाळी लवकर ये,” बहिणीला म्हणाल्या. “थॉमस तू लाव.”

दुकान बंद व्हायच्या आत मी दोन बार शिवले. जेम्सची दोन पदकं, थॉमसचं एक. सुहास तोवर घड्याळ बघत बसला होता, पण कमी टाके घाला म्हणाला नाही.

सोमवारी फोटो आला. दोघी बहिणी शेजारी शेजारी, उजवीकडे आपापला बार. सुहासने तो भिंतीवर लावला. थोरलीचा बार जरा तिरका दिसतो. तिचा कोट जाड होता, शिलाईचा दोष नाही.

आता सुहास पदकं आली की आधी माझ्या टेबलावर ठेवतो आणि पावती नंतर फाडतो. कड वाचायला दहा मिनिटं लागतात. शिवलेलं उसवायला तास जातो.