परत गेलेला तांब्या

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. माझी बायको मालन होती तेव्हा टाळलं, कारण तिला सगळं माहीत होतं. ती गेली, मग टाळलं, कारण आता चाळीत कुणालाच माहीत नव्हतं. वय झालं. टाळायला आता जागा उरली नाही.

आधी चहाचं सांगतो.

मराठवाड्यातून आलो तेव्हा नवं लग्न झालेलं. भोसरीच्या एका कारखान्यात प्रेसवर काम लागलं. थेरगावात खोली बघायला गेलो. मालनच्या डोक्यावर वळकटी, माझ्या हातात स्टोव्ह. मालकीणबाईंनी ओट्यावर बसवलं. चहा आणला, कपबशीतून. तेवढ्यात मालक बाहेर आले.

"आडनाव काय म्हणालात?"

"बनसोडे."

त्यांनी बायकोकडं पाहिलं. बाईंनी माझ्या हाताशी आलेला कप उचलून ट्रेमध्ये ठेवला. ट्रे आत गेला. चहाची वाफ मला दारापर्यंत दिसत होती.

"खोली कालच दिली, राव. ही विसरली."

शिवी नाही. धक्का नाही. चहा आत गेला. मालननं वळकटी पुन्हा डोक्यावर घेतली. रस्त्यात म्हणाली, "लई ग्वाड असंल तो च्या. मला न्हाई तरी सोसत न्हाई." ती मला हसवायला बघत होती. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी काळेवाडीत मी आडनाव सांगितलंच नाही. गावाचं नाव घेतलं आणि पुढं 'कर' लावला. चाळीचे मालक बापू, तिथल्या जुन्या शेतकरी घरातले. "असं व्हय," म्हणाले, "म्हंजी आपल्यातलंच." मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. खोली मिळाली.

तेव्हापासून माझी दोन माणसं झाली. कंपनीत बनसोडे, ओळखपत्र गळ्यात. गल्लीच्या तोंडाशी आलो की ते खिशात. वैशाख पौर्णिमेची खीर मालन दार लावून करायची. निळ्या कोटातली तसबीर ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली.

मग शेजारी उत्तम बनसोडे आला.

नात्यातला नव्हता. पण समाज एक, आडनाव एक. चाकणच्या कंपनीत मशीनवर, माझ्यासारखाच कामगार. चाळीला लागून त्यानं अर्धा गुंठा घेतला, पत्र्याचं घर बांधलं, बोर पाडली. आणि दारावर पाटी लावली. निळ्या अक्षरांत, रस्त्यावरून वाचता येईल अशी. बनसोडे.

माझं आडनाव. त्याच्या भिंतीवर.

रोज सकाळी दात घासायला बाहेर आलो की पाटी समोर. लोकांना शेजाऱ्याच्या गाडीचा हेवा वाटतो, सोन्याचा वाटतो. मला त्या पाटीचा वाटायचा. तो दार सताड उघडं ठेवून जेवायचा. त्याची तसबीर रस्त्यावरून दिसायची. चाळीतलं कुणी त्याच्या बोरचं पाणी पीत नव्हतं, पण म्हणून तो हसायचा थांबला नव्हता. मी लपून जेवढं मिळवलं, त्याहून जास्त यानं न लपता मिळवलं होतं. मग माझं सगळं लपणं फुकट गेलं की काय? हे मला आतून कुरतडायचं.

भिंतीपलीकडून तो सगळ्यांनाच "जयभीम" घालायचा. बापू "रामराम" म्हणायचे, तो पुढं जायचा. माझ्यापाशी मात्र थांबायचा. "जयभीम, भाऊ."

"नमस्कार."

एकदा म्हणाला, "नमस्कार महाग झालाय काय, भाऊ? लई बारीक देता."

आग लागली ती दुपारी. मी पहिली शिफ्ट करून गल्लीत शिरलो तर माझ्याच खिडकीतून धूर. शेगडीच्या नळीनं पेट घेतला होता. मालन आत.

चाळ धावली. ते नाकारलं तर पाप लागेल. सावंतवहिनींनी वाळत घातलेल्या चादरी ओढून आणल्या. बापू त्या वयात स्टुलावर चढले आणि चाळीचा मेन स्विच पाडला. पण पिंपं कोरडी होती. नळाला पाणी फक्त सकाळी. आगीचा बंब गल्लीच्या तोंडाशी अडकला, तिथं टेम्पो लावलेले.

पाणी एकाच घरी होतं.

उत्तमनं भिंतीवरून पाइप टाकला. त्याचा विजेचा मीटर वेगळा. त्याच्या बायकोनं, कमलताईंनी, मोटार चालू केली. पाइप त्यानं माझ्या हातात कोंबला. "धरा, भाऊ. माझ्या तोंडाकडं काय बघता? आगीकडं बघा." भिजवलेली गोधडी पांघरून तो आत शिरला. माझ्या घरात. मी दारात पाइप धरून उभा.

तो मालनला घेऊन बाहेर आला. केस करपलेले, जीव शाबूत. तिनं डोळे उघडले. त्याचा हात घट्ट धरला आणि सगळ्या चाळीदेखत म्हणाली, "दादा, जयभीम."

बापू तिथंच होते. त्यांनी उत्तमच्या पाठीवर थाप मारली. "वाघ हाय रे तू, बनसोडे!"

बनसोडे. ते आडनाव कुणी कौतुकानं घेतलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. आणि ते दुसऱ्याला मिळत होतं. माझी बायको वाचली होती. मला आनंद व्हायला हवा होता. मला त्या थापेचा हेवा वाटला. आणि भीतीही वाटली, मालन काय बोलली ते बापूंनी ऐकलं असणार.

मी म्हणालो, "धूर डोक्यात गेलाय तिच्या. काहीबी बरळतीय."

कमलताई तांब्या भरून घेऊन आल्या. मालन खोकत होती. तिनं हात पुढं केला. मी मध्ये हात घातला.

"राहू द्या. आमच्यातलं कुणीतरी आणंल."

आमच्यातलं. हा शब्द माझ्या तोंडचा आहे.

तांब्या परत गेला. थेरगावात चहाचा ट्रे गेला होता, तसाच. या खेपेला परत पाठवणारा मी होतो.

उत्तम कपाळावरची काजळी पुसत होता. हळू म्हणाला, माझ्यापुरतंच. "पाणी बोरचं हाय, भाऊ. आडनाव पाटीवर हाय, पाण्यात न्हाई."

सावंतवहिनींनी त्यांच्या माठातलं पाणी आणलं. मालननं तोंड फिरवलं.

तिच्या जखमा भरल्या, मग ती बोलली. "कमलताईला म्या पहिल्यापासनं सांगितलं व्हतं, आपून कोण ते. दोघांनाबी ठाऊक व्हतं. कुणापाशी बोलले का? तुमचं झाकलं त्यांनी. आन् तुमी?"

म्हणजे तो रोज माझ्यापाशी थांबायचा तो टोमणा मारायला नव्हे. मी उत्तर द्यावं म्हणून थांबायचा.

आगीनंतर त्याची हाक बदलली. भिंतीपलीकडून म्हणायचा, "नमस्कार, भाऊ." माझ्यासारखाच. बारीक.

मी कितीदा त्याच्या दारापर्यंत गेलो. बोरची मोटार चालू असली की वाटायचं, आता आवाजात ऐकू जाणार नाही. बंद असली की वाटायचं, सगळ्यांना ऐकू जाईल. मालन गेली. मग तोही गेला, निवृत्त होऊन जेमतेम बसला होता. मयताला मी मागं उभा राहिलो. लोक त्याच्या पायाशी फुलं ठेवून जयभीम म्हणत होते. माझी पाळी आली. तोंड उघडलं आणि सवयीनं निघालं, "नमस्कार."

मागच्या महिन्यात बापूंच्या मुलानं चाळीची बैठक घेतली. बापू आता नाहीत. त्याला तिथं टॉवर बांधायचाय. कमलताई जागा सोडत नाहीत. सगळ्यांना चहा वाटला गेला. तो मला म्हणाला, "काका, तुम्ही समजवा त्या बाईला. आपल्यातलं वयस्कर माणूस तुम्हीच. त्या लोकांना असं नीट सांगितल्याबिगर कळत न्हाई." कुणीतरी हसलं.

मी कप खाली ठेवला.

"मी बनसोडे."

"काय म्हणालात, काका?"

"आडनाव. बनसोडे. त्या बाईच्याच समाजाचा. आता चहा ठेवायचा का आत न्यायचा, ते तुमचं तुमी बघा."

कप तसाच राहिला. कुणी उचलला नाही. मीही प्यालो नाही. मला तो नको होता.

खोली सोडावी लागेल म्हणतात. सोडीन. पाटी रंगवून आणलीय. जाईन तिथं आधी पाटी लागेल, मग सामान आत जाईल. खीर दार उघडं ठेवून शिजेल. जिथं आडनाव ऐकून चहा आत जाईल, तिथल्या ओट्यावर मी पुन्हा बसणार नाही.

राहिलं ते तुमचं, उत्तमभाऊ. त्या दिवशी मालन शुद्धीत होती. शुद्ध माझी गेली होती. तांब्या मी परत पाठवला, भीतीनं पाठवला आणि तुमच्या हेव्यानं पाठवला. तुम्ही भिंतीपाशी थांबायचात तेव्हा द्यायचं होतं, ते आता देतोय, भिंतीपलीकडं तुम्ही नसताना.

जयभीम, भाऊ.