चौदा सरकी

"नाव: मैनाबाई, मयत सहदेव माळी याची बायको. वय: अजमासे चाळीस. राहणार: अमरावतीबाहेरील मळा. धंदा: भाजीपाला लावणे व विकणे; शिवाय वेडे व अफूबाज इसम विनापरवाना सांभाळणे. अक्षरओळख: नाही. खूण: उजव्या कानाची पाळी फाटलेली. वजनमापाचे ज्ञान: बिलकूल नाही. वर्तन: उद्धट."

हा कागद सन अठराशे चौसष्टचा. कानाच्या पाळीपर्यंतचा मजकूर लिहिणाऱ्याने विचारून, पाहून लिहिला, पुढचा मनाने. उद्धटपणाबद्दल मात्र वाद नाही.

पण त्या साली वऱ्हाडात उद्धट नव्हतं कोण? सातासमुद्रापलीकडे कुणी तरी कुणाशी लढत होतं आणि त्यापायी इकडे काळ्या मातीतला कापूस सोन्याच्या भावाने जात होता. अकोल्याच्या वाटेवरच्या एका गावचे किसनराव पाटील यांनी घड्याळ घेतलं होतं. ते वाचता येणारा माणूस गावात नव्हता. पाटील उन्हाकडे पाहून वेळ सांगत आणि मग घड्याळाकडे पाहून मान डोलावत.

पाटलांचा धाकटा भाऊ खुशालराव. कोठ्यात भरलेला कापूस त्याच्याशी बोलायचा. तो ऐकू येऊ नये म्हणून खुशालराव अफू खायचा. अफू उतरली की कापूस दुप्पट बोलायचा, म्हणून खुशालराव दुप्पट खायचा. पाटलांनी त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आधी अफू सोडवा, मग वेडाचं पाहू. वैद्यबुवांकडे नेलं. वैद्यबुवा म्हणाले, आधी डोकं ठिकाणावर येऊ द्या, मग अफूचं पाहू. दोघेही आपापल्या शास्त्राप्रमाणे बरोबर होते, आणि खुशालराव दोन शास्त्रांच्या मधल्या रस्त्यावर तीन महिने बैलगाडीत होता. शेवटी त्याला घरच्याच खांबाला साखळीने बांधलं. पाटलाच्या भावाला लोखंडी साखळी शोभते का, यावर भावकीत दोन दिवस खल झाला. मैनाबाईला बोलवा, हे त्यानंतर सुचलं.

मैनाबाई येण्याचं कारण सांगायला हवं, कारण पाटलांचं घर तिला मुळीच आवडत नव्हतं. तिचा नवरा सहदेव असाच होता. त्यालाही आवाज यायचे, तोही अफू खायचा. याच वैद्यबुवांच्या सांगण्यावरून तिने त्याची अफू एका दिवसात बंद केली आणि नवव्या दिवशी त्याला विहिरीतून काढला. तेव्हापासून विद्वानाचं ती ऐकून घेत असे आणि उलट करीत असे. खुशालराव विहिरीपर्यंत पोचू नये, एवढंच तिला हवं होतं.

आल्या आल्या तिने साखळी काढायला लावली. सोनाराचा लहान तराजू मागवला. एका पारड्यात अफू, दुसऱ्यात सरकी. खुशालरावाची रोजची मात्रा एकतीस सरकींची भरली. दर चौथ्या दिवशी एक सरकी कमी करायची, आणि ती खुशालरावाने स्वतःच्या हाताने काढायची. दुसऱ्याने काढली की चोरी वाटते, असं तिचं म्हणणं. कापसाशी ती कधी भांडली नाही.

"आज काय म्हणून राहिला कापूस?" ती विचारायची.

"म्हणते, जयवंता जेवणात जहर घालून राहिली."

"आजची भाजी म्या केली. सांग त्याले. आन् म्हणाव, आपल्या कामाचं पाय."

खुशालराव कोठ्याकडे तोंड करून तसं सांगायचा आणि जेवायचा. त्याची बायको जयवंता दाराआड उभी राहून हे पाहायची. आठ महिन्यांत पहिल्यांदाच नवरा तिच्या हातचं नाही तरी तिच्या घरात जेवत होता.

मात्रा चौदा सरकींवर आली, आणि गावात कापसाचा सरकारी साहेब आला. विलायती बियाण्याची पोती त्याने गावोगावच्या पाटलांना वाटली. साहेब निघून गेल्यावर किसनरावांची नजर तराजूवर पडली. घरात विलायती सरकी आलेली, आणि पाटलाच्या भावाचं औषध गावठी सरकीने जोखायचं? मैनाबाई तीन दिवस अमरावतीच्या बाजाराला गेली होती. मळ्यातली वांगी काही खुशालरावासाठी थांबणार नव्हती. तराजू जयवंताच्या हाती होता. पाटलांनी गावठी चौदा सरकी काढल्या आणि विलायती चौदा घातल्या. दोनदा मोजून. गोळी मोठी होते आहे हे जयवंताला दिसलं. पण जेठासमोर, थोरल्या दिरासमोर, बोलायची रीत नव्हती, आणि मोजदाद तर बरोबर होती.

चौथ्या दिवशी सकाळी मैनाबाई परतली, तेव्हा खुशालराव हलवून उठत नव्हता. ओठ निळे, श्वास फार वेळाने येणारा. पाटलांनी डॉक्टरांकडे गाडी धाडलीच होती. मैनाबाईने पारड्यातली एक सरकी तळहातावर घेतली, अंगठ्याने चोळली आणि पाटलांकडे पाहिलं.

"हे काहून बदलली?"

"गिनती पाय तू. चौदाच हायेत."

"पाटील, चौदा चिमण्या आन् चौदा कोंबड्या एका भावात घेसान काय?"

पाटलांनी घड्याळाकडे पाहिलं.

तिने खुशालरावाच्या तोंडावर गार पाणी मारलं, एका काखेत स्वतः शिरली, दुसऱ्या काखेत जयवंताला घातलं. जेठासमोर पदर खाली आला तसा जयवंताने तो कमरेला खोचला. अंगणात दोघींनी त्याला फरफटत फिरवलं. झोपू दिलं नाही. मैनाबाई सारखी विचारत होती, काय म्हणते कापूस, सांग, काय म्हणते. जो आवाज बुडवायला खुशालराव अफू खायचा, त्यालाच ती आता हाका मारत होती. दिवस कलताना खुशालराव ओकला. मग पुटपुटला.

"म्हणते, हे बाई लय बोलते."

"खरं म्हणते," मैनाबाई म्हणाली आणि खाली बसली.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. रोगी जागा होता, त्यामुळे त्यांना तपासायला फारसं काही उरलं नव्हतं. किसनरावांनी त्यांना घड्याळ दाखवलं, जेवू घातलं आणि घडलं ते आपल्या परीने सांगितलं. मैनाबाईचं सांगणं वऱ्हाडीत असल्यामुळे डॉक्टरांना कळलं नाही, निदान त्यांनी तसं म्हटलं. मग त्यांनी तो वरचा कागद लिहिला आणि त्याखाली शेरा मारला: "सदरहू बाईच्या अडाणी वजनामुळे रोगी मरणाच्या दारी गेला. वेड व व्यसन हे भिन्न रोग असून त्यांवर एकाच वेळी इलाज करणे शास्त्रास मान्य नाही. सबब सदरहू इलाज तात्काळ बंद करण्यात यावा."

हुकूम पाटलांना मिळाला. तो त्यांनी घड्याळाखाली ठेवला, कारण तोही कुणाला वाचता येत नव्हता.

कापूस पुढेही बोलत राहिला. होळीच्या आदल्या दिवशी खुशालरावाने शेवटची गावठी सरकी काढली आणि पारडं रिकामं झालं.